दरवानाचा डबा

पिशवी आली सातच्या एस.टी.नं,
थर्माकोलच्या डब्यात, ड्रायव्हरच्या सीटमागं.
गडचिरोली ते कुरखेडा. बी पॉझिटिव्ह.
लेबलावर तारीख, नंबर.
नाव नाही.

सुमेधला सुई टोचून नर्सबाई म्हणाल्या,
चार तास. हात हलवायचा नाही.
म्हणून मोबाईल मी धरला, तडकल्या काचेचा,
शेजारच्या खाटेवरूनही दिसेल असा तिरपा.
शेजारी यशोमती मडावी, बारावी सायन्स.
तिलाही तेच, विळ्यासारख्या वाकड्या पेशी;
थंडी पडली की गुडघ्यात कुणी खुंटी ठोकतं.

कार्टून म्हटलेलं दोघांनाही चालत नाही.
ॲनिमे म्हन, ताई.

त्यातला तो, रक्त पिणारा,
गळ्यात देवळातली घंटा बांधून हिंडतो.
मारायच्या आधी वाजते. एकदाच.
सहाव्या भागात त्यानं
पोरी विकणाऱ्या सरदाराची कोठी रिकामी केली.
अठरा माणसं.
आणि फाटकावरचा दरवान. एकोणीस.

"बरोबर केलं," सुमेध म्हणाला.
"पोरी सुटल्या ना? मंग?"

"दरवानानं काय केलं होतं बे?"

"फाटक उघडलं. रोज. गाडी आत घेतली."

"गाडीत काय हाये, थे त्याले कोन सांगतलं?"

"माहीत असते. सगळ्याइले माहीत असते."

"तुले माहीत हाये का,
ह्या पिशवीत कोन हाये थे?"

सुमेध वर पाहू लागला.
थेंब लोंबला, लोंबला, पडला.

बाकावर आडवा झालेला केवलराम शिपाई
चादरीतूनच बोलला,
"रातपाळी करते म्हंता थो? पगार भेटते का?"
दोघं इतकी हसली की स्टँड हलला,
आणि नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग हळू आवाजात,
"पन थो घंटा तं वाजवते. चोरून नाई येत."

"वाजवनं म्हंजे इचारनं नव्हे, सुमेध."

मी मोबाईलचा हात बदलला.
दर महिन्या-सव्वा महिन्याला मी फोन फिरवते,
कॉलेजातल्या पोरांना, बँकेतल्या एका क्लार्कला.
मागच्या वैशाखात तर वरातीतून
नवरदेवाच्या भावाला उठवून नेलं,
हळद लागलेल्या हातासकट.
तो नाही म्हणाला असता तर?
गाडी मी आधीच सुरू करून ठेवली होती.

"त्याचा डबा पाहिला का तू?" यशोमती म्हणाली.
"दरवान पडला तवा उघडला.
भात होता. दोन सेकंद दाखवला.
काढनाऱ्यानं काढला, म्हंजे त्याले दिसला होता.
घंटेवाल्यानं नाई पाहिला."

"पाहिला असता तं सोडलं असतं?"

ती बराच वेळ गप्प.
"नाई. मारलंच असतं.
पन मंग दिवसा झोप नसती आली त्याले."

"झोप नाई आली म्हनून काय दरवान उठते का?"

ह्यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं.
माझ्याकडंही.
चारला पिशवी संपली; आत उरला
गुलाबी ओघळ, धुतलेल्या पेल्यासारखा.
सुमेधची नखं बघितली. बरी होती.

सकाळच्या पहिल्या गाडीनं
यशोमतीचे बाबा आले, वडशाच्या राईस मिलमधून,
रात्रभर फाटकावर बसून.
खाकी शर्टावर कोंडा, खिशात शिट्टी,
हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा.
बसायला जागा शोधत
दोन खाटांच्या मधे उभे राहिले.

सुमेधनं पाय पोटाशी घेतले.
"बसा ना, काका."

सातवा भाग केव्हाचा उतरून पडला होता.
मी विचारलं, लावू?
तो डब्याकडं बघत होता.
कडी निघेना, काका नखानं खेचत होते.
"थांब," तो म्हणाला.